उतारावर कोण शूर नसतं

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू,
मला ती घसरगाडी कधीच आवडली नाही.

वूच शहरातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात
मासे नसलेल्या काचपेटीच्या वर एक टीव्ही आहे.
त्यावर चोवीस वर्षं तीच तळघरातली मालिका:
तारेच्या, लाकडाच्या, चिंध्यांच्या बाहुल्या,
केसभर हलवून, थांबून, पुन्हा केसभर हलवलेल्या.
मुलं बदलतात. दुधाचे दात पडतात, अकलेचे येतात,
मग तीच मुलं आपली मुलं घेऊन येतात.
मी तीच. एप्रन तिसरा.

तर बर्फावरची घसरगाडी. सान्का तिचं नाव.
दर भागात टेकडीवरून सुसाट येते, कुणाला तरी वाचवते,
आणि पोरं तोंडातला कापूस विसरून टाळ्या पिटतात.
मला सांगा, उतारावर कोण शूर नसतं?
तिला पुन्हा वर ओढून नेतो तो दोर.
त्याला कुणी नावसुद्धा दिलेलं नाही.
शेवटच्या नामावलीत शोधलाय मी, चित्र थांबवून.

लोणच्याची बरणी म्हणजे श्रीयुत कोरेक,
नाकानं काकड्या सोलणारे.
शेवटच्या मिनिटाला उपदेश ठरलेला.
झाकण अठ्ठ्याहत्तर सालापासून उघडलेलं नाही,
आत काय झालंय देव जाणे,
आणि हे आम्हाला सांगणार जग कसं असतं!
डॉक्टर झेनोबियांना ते फार आवडतात.
आम्ही दोघी जेवताना हा विषय काढत नाही.

ग्रिझेल्दा छत्री. पावसाला भिते.
पहिली दहा वर्षं मी तिच्यावर करवादत होते:
रडूबाई, हिला एकदा भंगारात द्या.
मग माझ्याच दाढेची पाळी आली
आणि खुर्चीचे हात मी असे धरले
की नंतर एकेक बोट सोडवावं लागलं.
ग्रिझेल्दाबद्दलचे सगळे शब्द मागे घेतले.
चौदाव्या वर्षी तिचा आवाज बदलला,
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मी दोन आठवडे टीव्ही मुका ठेवला.

ओगारेकबद्दल मात्र माझं काही मतच नव्हतं.
मेणबत्तीचा तुकडा तो. पेटतो,
‘हं, दिसलं का?’ म्हणतो, विझतो.
एवढंच काम.

फेब्रुवारीत येरेमी आला, वय सात, किडलेली दाढ.
खुर्चीत बसणं लांबवायला म्हणून विचारलं त्यानं,
‘हा रोज जळतो, मग संपत कसा नाही?’
मी म्हटलं, बाहुली आहे ती. आ कर.

पण रात्री घरी जुन्या कॅसेटी काढल्या.
पहिल्या वर्षी ओगारेक बरणीच्या खांद्याला लागत होता.
नवव्या वर्षी तिच्या चिठ्ठीला.
आता बुडाशी, सुपारीएवढा.
पडद्याला पट्टी लावून मोजलं मी. वर्षाला नखभर.
म्हणजे कुणीतरी तिथं, दिव्यांच्या उष्ण खोलीत,
दर वर्षी पातं घेऊन नखभर मेण खरवडत होतं
आणि कुणाला सांगत नव्हतं.
गोष्टीत त्याचा उल्लेख नाही.
कोरेकांना त्यावर काही सुचलेलं नाही.

या हिशेबानं तीन वर्षं उरतात.
माझ्या निवृत्तीला पाच.
जुळत नाही. नको जुळायला.

सोमवारी येरेमी जखम दाखवायला आला.
त्याला सांगितलं, तुझं बरोबर होतं,
संपतोय तो, अगदी सावकाश.
रिकाम्या जागी जीभ फिरवत त्यानं विचार केला.
‘मग सान्का काय करतेय?’

मी म्हटलं, बाळा,
तेच तर मी चोवीस वर्षं विचारतेय.