ली न लावता

साखरी नाट्याच्या शाळेत, नववी ब ला,
मी फळ्यावर लिहितो : स्लो, स्लोली. क्विक, क्विकली.
ली म्हणजे सुकाणू समजा, म्हणतो,
लावलं की शब्द वळतो
आणि क्रियापदाच्या कामाला लागतो.
पोरं वहीत सुकाणू काढतात,
माझ्यापेक्षा कितीतरी बरं.

मग हट्टी शब्द येतात.
फास्ट. हार्ड. डीप. लेट.
ह्यांचं ली वाचून अडत नाही.
हार्डला तर लावूच नका,
घाम गाळणारा माणूस
हार्डली म्हटलं की जेमतेम हात हलवतो.

मागच्या बाकावरून मुबीन होडेकर :
"सर, खोल पण तसाच ना?
पाणी खोल. जाळं खोल गेलं.
खोलला आमी काय लावत नाय."

खडू हातात, मी उभा.
खोल, उंच, सरळ, लांब,
जेटीवर रोज ओरडले जाणारे शब्द
सगळे बिनसुकाणूचेच निघाले
आणि बी.एड.ला कुणी बोललं नव्हतं.

"आणि फास्ट तर, सर,
चाचा टगवर होते ना, दोर आवळला की ओरडायचे
ऑल फास्ट!
म्हंजे बोट आता हलायची नाय."
वर्ग हसला. मीही,
जरा उशिरा.

सहामाहीत प्रश्न घातला होता :
लेट वापरून दोन वाक्यं करा. गुण दोन.
मुबीनचं पहिलं राजापूरच्या एस.टी.चं.
दुसरं : माय फादर इज लेट.

हजेरीपटात त्याच्या बापाच्या नावाआधी
पेडणेकर क्लार्कनी हिरव्या शाईत
लेट लिहिलं, त्याला दोन वर्षं झाली.
नियम मला पाठ आहे.
गेलेल्या माणसाच्या बाबतीत
हा शब्द नावाच्या पुढ्यात बसतो.
क्रियापदामागे ठेवला
तर माणूस अजून वाटेत असतो,
इंजिन तापलंय, भरती धरून येईल.

लाल पेन उघडंच राहिलं, टोक सुकलं.
आतून विचारणा झाली, भात टाकू का.
टाक म्हटलं.

दोनपैकी दोन दिले
आणि पुढचा पेपर ओढला, पालशेतकर सान्वीचा.
तिनं लेटचं स्पेलिंगच
एल ई टी केलं होतं.