सर्व बदला

फाईल उघडली तशी चौकट आली:
हा फॉन्ट या यंत्रावर नाही, दुसरा लावू का?
मी 'हो' म्हटलं. दुपारचे तीन, खाली कारखान्यात
बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, आणि समोर
ट्रॉलरच्या इंजिनाची दोनशे बारा पानं,
नुसते चौकोन.

पुस्तिका नफिसाची, दुबईला जाण्याआधी जुळवलेली.
तिच्या जुन्या फॉन्टात वाऱ्याचा तो अर्धा र नव्हता,
किनाऱ्याचा नव्हता, दुसऱ्या नळीचा नव्हता.
तिने साधा रफार टाकून त्याला पांढरा रंग दिला
आणि शेजारी पापणीच्या केसाएवढी रेघ
हाताने काढून चिकटवली. दर वेळी.
आता अक्षरं सरकली, रेघा मागे राहिल्या.
इंधनपंपाच्या आकृतीवर एक सापडली,
कुठल्याच शब्दाची नसलेली.

चौकोन गेले तासाभरात. पण पांढरे रफार
काळे होऊन वर आले: वार्यावर, किनार्यावर.
मी 'शोधा'त र्य घातला, 'बदला'त ऱ्य,
आणि दाबलं 'सर्व बदला'.
चारशे नऊ बदल झाले.
मी चहा प्यायला खाली गेले.

लिलाव आटोपून गोपीचंद पावसे आले,
तीस वर्षं तांडेल, चष्म्याच्या काचेवर एक खवला.
कंपनीने तपासायला नेमलेले. पहिलंच वाक्य
मोठ्याने वाचलं: "दऱ्यात उतरण्यापूर्वी तेल पाहा."
थांबले.
"पापलेट धरायला आम्ही सह्याद्रीत जातो होय?"
पुढच्या पानावर सूऱ्य मावळत होता,
काऱ्यक्षमता घटत होती.

"बाई, तुम्ही बघता म्हणून चुकता. ऐका.
दर्या म्हणताना द वर लाट आपटते.
दऱ्या म्हणताना नुसती घसरून जाते."
मग चारशे नऊ जागा.
ते वाचत, टेबलावर बोट आपटे किंवा आपटत नसे,
मी रफार देई किंवा काढून घेई.
मध्येच जेवून आले ते. मी नाही.

उरला सांगाडा. या प्रोग्रामला पुस्तक म्हणजे झाड लागतं,
प्रकरणात भाग, भागात कृती, कृतीत पायऱ्या.
सातव्या प्रकरणात धोक्याची एक सूचना
लाल होऊन बसलेली. इथे चालत नाही, म्हणे.
'इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.'
आदल्याच ओळीत झाकण उघडायला सांगून झालं होतं.
पावशांनी काही न बोलता मनगट पुढे केलं:
रुपयाएवढा गुळगुळीत डाग, एकही केस नाही त्यावर.
मी सूचना पायरीच्या वर नेली. लाल रंग गेला.

'पाहा: पान ??' अशा अकरा जागा. नऊ जुळल्या.
दोन पानं पुस्तकात कधी नव्हतीच.
आणि मुखपृष्ठावर गावाचं नाव, हर्णै.
ण च्या डोक्यावर दोन मात्रा, त्यांत रफार,
सगळं मिळून एक काळा ठिपका.
रफार दोन केस उजवीकडे सरकवला,
फॉन्ट पीडीएफच्या पोटात घातला
आणि पाठवून दिली चिपळूणला.

काल पावशांच्या इंजिनाशेजारी ती पुस्तिका दिसली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, डिझेलने कोपरे पारदर्शक झालेली.
पान एकशे त्रेचाळीस. दोघांच्याही हातून सुटलेला
एक सूऱ्य.
त्याची रेघ बॉलपेनने खोडून वर रफार दिलाय,
जाड, मागच्या पानावर
बोटाला लागेल इतका दाबून.