वारा सरला का?

माझं काम आवाजांचं.
पडद्यावर जे चालतं, पडतं, शिंकतं
त्याला मी या खोलीत बसून आवाज देते.
वूज शहर, जुनी सूतगिरणी, तिसरा मजला,
भिंतींना गाद्या, खिडक्या विटांनी बुजवलेल्या.
वूज म्हणजे आमच्या भाषेत होडी,
आणि नद्या तर केव्हाच रस्त्यांखाली गाडलेल्या.
असो.

या खेपेला सिनेमा आला तो एका पादऱ्या खाटकाचा.
नाव बोनिफात्सी, पोट रांजणाएवढं.
मुलीच्या लग्नात, वेदीसमोर, पाद्री क्षणभर थांबतो,
टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता,
आणि हा बोलतो. बसल्या जागेवरून.
दिग्दर्शक ओल्गेर्द म्हणाला, "हाल्श्का,
मागच्या रांगेतल्या म्हातारीची कवळी निसटली पाहिजे."

मी एकोणीस बनवले.
ओल्या कातड्याचा, सायकलच्या ट्यूबचा,
अर्ध्या रिकाम्या मोहरीच्या बाटलीचा,
आणि एक लांबलचक, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला,
तो कोपराच्या खळीत ओठ दाबून काढला.
काचेपलीकडे त्सेझारी हसत हसत टेबलाखाली गेला.
एकसष्टाव्या वर्षी माणसानं आणखी काय कमवावं?
पादा, पण नांदा.

सहाव्या रिळात लग्नातले सगळे
इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उभे.
बोनिफात्सीचं हातभर आतडं कापलेलं,
नाकात नळी, रांजण फुटून खापरी झालेली.
लग्नापासून अबोला धरलेली मुलगी
चार दिवस त्याच खुर्चीत.
रोज सकाळी नर्स येते, चादर सारखी करते,
आणि विचारते, "वारा सरला का?"
मुलगी मान हलवते. नाही.
आतडं झोपलंय. ते जागं झालं
तर पहिली खबर तीच.

मी तिचे बूट घालून लिनोलियमवर चालले.
चादर चुरगाळली. खुर्ची करकरवली.
मग ओल्गेर्द म्हणाला, "आता तो.
विनोदी नको, रडका नको. खरा दे."
एकोणीसही वाजवून पाहिले.
एकही त्या खोलीत शिरेना.

माझी आई याच गिरणीत होती.
मागांनी तिचे कान कधीच खाल्ले होते,
आम्ही घरात प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडून करायचो.
ऑपरेशननंतर तिनं माझं मनगट धरलं
आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,
"मला ऐकू यायचं नाही. तू ऐक."
मी ऐकलं.
चार रात्री, रेडिएटरची टिकटिक,
पलीकडच्या बाईचा दमा, लिफ्टचं दार,
आईच्या पोटावर कान टेकून
मी आयुष्यात इतकं नीट काही ऐकलं नाही.
पाचव्या दिवशी नर्सनं विचारलंच नाही.

घरी गेले. आंबवलेला कोबी खाल्ला, वाटीभर नव्हे, पातेलंभर.
वर सुके वाटाणे, वर काळा पाव.
सकाळी स्टुडिओत लाकडी खुर्चीवर बसले,
माइक खाली, जमिनीपाशी.
त्सेझारीनं हेडफोन चढवले. लाल दिवा लागला.
आम्ही वाट पाहिली.
दोन तास चाळीस मिनिटं.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही,
मी हललेसुद्धा नाही.

आणि मग.
लहानसा. दाराखालून सरकवलेल्या
चिठ्ठीसारखा.

त्सेझारी हसला नाही.
मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले,
बहिऱ्या माणसाला सांगतात तशी, नरडं फाडून,
"आला! आई, आला गं!"
गाद्यांच्या भिंतींनी तेही पिऊन टाकलं.

बऱ्याच वेळानं काचेपलीकडून त्याचा आवाज,
"बाई, सुरेख आलाय.
फक्त तुमचं ओरडणं
शेपटाला लागलंय. कापू?"