काय झालं

रिक्षाच्या सीटवर मी कंपनीतलं प्लास्टिक अंथरलं,
रबाळ्याच्या पॅकिंग लाइनवरचं, फुगेवालं.
दिघ्यापासून प्रत्येक खड्ड्याला एकेक फुगा फुटत होता.
रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं, गाणं बंद केलं.
काय झालं, ताई?
पोट दुखतंय, म्हटलं.
ते काही खोटं नव्हतं.

खिडकीवर केसपेपर. वय सव्वीस. मुलं दोन.
'सोबत कोण'पाशी पेन थांबलं.
मग त्यानं तिथं नुसती रेघ मारली.

काय झालं? कधीपासून जातंय?
गोळ्या कुठल्या मेडिकलमधून आणल्या?
नवऱ्याला माहीत आहे का?
पडद्याच्या दोन कड्या निसटलेल्या,
बाहेरचं अख्खं बाकडं माझ्या उत्तराची वाट बघत होतं.
नऊ दिवस, मी म्हटलं.
बाकीचं ऐकूच आलं नाही असं केलं.
"तेव्हा बरं कळत नाही," सिस्टर म्हणाली,
आणि तिनंच पहिल्या फटक्यात शीर शोधली,
जराही दुखू न देता.
या दोन गोष्टी मला अजून
एका जागी ठेवता येत नाहीत.

लहान चणीची डॉक्टर म्हणाली,
पिशवीत थोडं राहिलंय, साफ करावं लागेल.
सही तुमचीच लागते. फक्त तुमची.
मी दिवसाला बाराशे पिशव्या भरते, सील करते,
एकही परत आलेली नाही.

खाट नव्हती म्हणून बाळंतिणींत टाकलं.
रात्रभर कुणाचं ना कुणाचं रडत होतं
आणि माझी छाती मूर्खासारखी जड होत होती.

संध्याकाळी दहा नंबरची सासू बर्फी वाटत आली,
तळवलीची, नाकात मोठी नथ,
आवाज खाडीच्या पार जाईल असा.
माझ्या हातावर तुकडा ठेवला.
"तुला काय झाला गो?"

आपल्यात हा एकच प्रश्न,
आजारालाही, लेकरालाही.

दोन आहेत घरी, मी म्हटलं.
तिनं खाटेची रिकामी बाजू पाहिली,
सलाईन पाहिलं, माझी नखं पाहिली.
आवाज एकदम खाली आला.
बर्फी परत घेतली नाही,
आणखी एक ठेवली.
"खा. रगत नाय तुझ्या अंगान."

एक खाल्ली.
दुसरी केसपेपराखाली ठेवली.
सकाळी तीच सिस्टर सुई काढायला आली,
द्यावी का, असं एकदा वाटलं.
पण मुंग्या लागल्या होत्या.