सत्त्याऐंशीचं पाणी

एब्बेच्या शेडमध्ये बाबांची फळी उताणी पडली आहे
दोन लाकडी घोडींवर.
तीन मीटर सत्तर. वजन विचारू नका.
क्लिटम्योलरच्या रस्त्याला जेव्हा जर्मन गाड्यांची रांग लागायची,
टपांवर डोलकाठ्या बांधलेल्या,
तेव्हाची ही.
एब्बे तेव्हा मासे धरायचा,
आणि ही रंगीत शिडं त्याच्या जाळ्यांवरून सुसाट गेली
की होडीतून जे ओरडायचा
ते अजून गावात पोरांसमोर कुणी सांगत नाही.

"आधी साल काढू," तो म्हणतो.
प्लास्टिकची कातडी कांद्यासारखी सुटत नाही.
जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखी निघते,
इथे हातभर, तिथे बोटभर,
आणि कारखान्यातल्या कुणी जिथे डिंक सढळ हातानं लावला
तिथे मुळीच नाही.
आत थर्मोकोल.
तोच, ज्यात टीव्ही गुंडाळून येतो.
मधोमध पात्याची लांब खाच, पुढे डोलकाठीची खोबण,
पायपट्ट्यांची आठ भोकं.
एब्बे पेन्सिल घेऊन जुन्या फळीत नवी शोधतो,
शिंप्यानं बापाच्या कोटातून पोराचा कोट बेतावा,
डाग बगलेत लपवून,
तशी.

पण ती ओली निघाली.
टोकाला भोक पाडून कोपऱ्यात उभी केली,
खाली हेरिंगचा रिकामा डबा.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
टप्.
इतकी वर्षं आमच्या गराजच्या तुळईवर
पोटातलं पाणी हलू न देता निजली होती.

बाबा नवव्या दिवशी आले.
पाव आणायला निघालो होतो, म्हणाले.
बेकरी उलट्या दिशेला आहे.
डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारट."
जणू शंका होती.
"सत्त्याऐंशीचं असणार. ऑक्टोबरात नाक आपटलं होतं,
तुझ्या नांगराच्या साखळीवर."
एब्बे रंध्याचं पातं पुसत राहिला.
"माझी नव्हती ती."
"तुझीच."
"बरं, माझी."
सदतीस वर्षांचं भांडण
डबाभर भरलं. एब्बेनं ते दाराबाहेर ओतलं.

मार्चमध्ये फळी वाळली. मग रंधा.
पांढरे कण स्वेटरला, भुवयांना, कॉफीला;
उजव्या हातावरून झटकावेत तर डाव्याला चिकटतात.
मधोमध चिरून सीडरची पट्टी बसवली,
खाच तिच्याच कापलेल्या कडांनी बुजवली.
बूड मात्र सपाट व्हायला तयार नाही,
सुंभ जळतो, पीळ राहतो.
"राहू दे," एब्बे म्हणाला, "तिला काहीतरी आठवत असेल."
मग स्वतःच्याच बोलण्याला लाजून
काचकापड कापायला लागला.
राळ इपॉक्सीची. ही गोष्ट तो ठासून सांगतो:
पहिल्या फळीला त्यानं होडीची राळ फासली होती,
तिनं डोळ्यांदेखत बादलीएवढं भगदाड खाल्लं.

माझी सिग्ने चौदाची. फळी तिची.
रंग नको म्हणाली,
त्यामुळे उन्हात धरली की आतली बुजवलेली खाच दिसते,
शिवलेल्या जखमेसारखी, असं मी लिहिणार होते,
पण ती म्हणाली, झिपसारखी.

मे महिन्यातली सकाळ, कमरेएवढ्या लाटा,
काचेसारख्या.
सिग्ने तीनदा पडली. चौथ्यांदा उभी राहिली,
फळी जराशी डावीकडे ओढली गेली,
तिकडे एब्बेनं राळ जास्त ओतली आहे,
तो कबूल करणार नाही.

वाळूच्या टेकाडावर बाबांनी बोट ओलं करून वर धरलं.
"आज वारा नाही."
"नाही," एब्बे म्हणाला.
तरी बोट तसंच वर,
आणि एब्बेही मान वळवून
ते कुठून गार पडतंय
पाहत राहिला.