तिरका छेद

ओसूच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
चपला काढा असं कुणी म्हणत नाही
पण काढाव्याशा वाटतात, इतकं शांत दुकान.
काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर नावाची पट्टी: मिनेगिशी.
पांढरे हातमोजे घालून तिने माझ्यापुढे ठेवलं
अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी, तांब्याचं, जोडीनं,
आणि साबणाच्या वडीएवढा अँप्लिफायर.
चालू होताच तो कोमट झाला,
भाजलेलं रताळं कोटाच्या खिशात ठेवावं तसा.

किंमत मी वाचली नाही. म्हणजे वाचली,
शून्यं मोजली नाहीत.

रबरी टोप्या चार मापांच्या.
माझा डावा कान उजव्याहून अरुंद,
हे त्याने अडुसष्ट वर्षं माझ्याजवळ राहून
आज सांगितलं.

“काय ऐकणार?”
मी पर्समधून कार्ड काढलं.
कानाझावाचं सभागृह, एकोणीसशे शहाऐंशीचा फेब्रुवारी,
कोतोवर मियोशीबाई.
रेडिओसाठी. टेप मी कापलेली.

आधी काहीच नाही.
पण त्या काहीच नाहीला छत होतं, लाकडाचं, उंच.
उजवीकडे हीटरच्या नळीत पाणी अडखळत होतं
आणि मागे कुणीतरी कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होतं,
जितकी जपून
तितकी मोठ्यानं.

मग तार.
खरं तर तारेआधी नखी.
नखी टेकते, थांबते, बेत बदलते की काय वाटतं,
आणि मग सूर.
इतकी वर्षं मी सुरालाच सुरुवात समजत होते.

खर्ज भरीव. जरा जास्तच,
आमटीत गूळ सैल हाताने पडावा तसा.
वरच्या सुरांबद्दल मी बोलू नये.
आठ हजारांच्या पुढे मला आता ऐकू येत नाही,
तिथे हे यंत्र काय करतं ते मिनेगिशीला विचारा.
एवढंच, की तेराव्या तारेनंतर
काहीतरी चमकून गेलं,
ऐकल्यासारखं नाही, दिसल्यासारखं.

आणि सहाव्या मिनिटाला

सहाव्या मिनिटाला बाईंना खोकला आला होता.
निर्माते साकाकी काचेपलीकडून म्हणाले, खोकला नको.
नको तर नको.
ब्लेड, पंचेचाळीस अंश, पांढरी चिकटपट्टी,
नखाने घासून बसवली. डाव्या हातचा मळ होता माझ्या.
वीतभर टेप केराच्या डब्यात पडली,
पडल्यावर थोडी उलगडली.
कुणाला कळलं नाही.
प्रसारण ऐकताना मलाही नाही.

आज कळलं.
खोकल्याबरोबर मी श्वासही कापला होता,
घेतलेला.
सोडलेला राहिला.
दोन सुरांच्या मधे बाई श्वास सोडतात, सावकाश, नाकाने,
जो त्यांनी कधी घेतलाच नाही.

मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
पुन्हा.
पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या, छातीचंच काहीतरी.
मी पांढरी फुलं पाठवली होती,
कार्डावर कार्यालयाचं नाव होतं, माझं नव्हतं.

“कसं वाटलं?” मिनेगिशीने विचारलं.
तिच्या हातात एक छोटी वही,
लोक काय काय म्हणतात ते ती लिहून ठेवते:
मखमली, मोकळं, काळोख चांगला.
“खर्ज थोडा जास्त आहे,” मी म्हणाले.
तिने लिहिलं.
म्हणाली, केबल बदलून बघूया का, चांदीची,
तिने बराच फरक पडतो म्हणतात.
“बघू या.”

ती त्या इवल्या पिनेशी झटत राहिली,
हातमोज्यांमुळे जमेना, शेवटी तिने एक काढला.
माझ्या कानात अजून रबर तसंच होतं,
खालचा रस्ता बंद, दुकान बंद,
माझा श्वास तेवढा आत जाताना मोठा ऐकू येत होता.

अँप्लिफायर कोमट होता.
त्यावरचा हात मी काढायला हवा होता.