अख्खं बिस्किट

एकतीस वर्षं हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर
मी लोकांचे बॉयलर दुरुस्त केले.
घराची पारख दारावरून करू नये,
पडद्यांवरून तर नाहीच.
किटली चढवल्यावर
डब्याचं झाकण किती वेळाने उघडतं,
ते ऐकावं.

टेकडीवरच्या मोठ्या घरात
बशीतून एकच रिच टी आलं,
चंद्रासारखं गोल
आणि तितकंच परकं.
खाली कालव्याकाठी, चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेत
सहा पोरांच्या आईने पुडाच फाडून ठेवला,
म्हणाली, संपव रे, सादळायच्या आत.
तिच्याकडे मी वॉशरचे पैसे लावले नाहीत.

कस्टर्ड क्रीम आधी सोडवायचं,
वरचं पान अलगद फिरवून,
मग आतलं क्रीम दातांनी खरवडायचं.
माझ्या वयाच्या माणसाने परक्या घरात
हे करू नये असं बायको म्हणते.
म्हणून परक्या घरात मी गॅरिबाल्डी खातो.
त्यातल्या मनुकांना आम्ही शाळेत
चिरडलेल्या माशा म्हणायचो, अजून म्हणतो.
जिंजर नट कवळीवाल्यांसाठी नाही,
चहात न बुडवता तर कुणासाठीच नाही.

बुडवण्याचं गणित बापाने शिकवलं.
मनातल्या मनात तीन म्हणायचं, काढायचं.
चार म्हटलंस
की बोटांत उरतो नुसता काठ,
बाकीचं कपाच्या तळाशी,
आणि समोरचा माणूस
सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागतो.

मिसेस एनिड मर्गट्रॉइडकडे नोव्हेंबरात गेलो.
पायलटची ज्योत विझलेली,
स्वयंपाकघरात स्वतःचा श्वास दिसत होता.
ती कोट घालूनच चहा करत होती.
डब्यावर कुठलासा राज्याभिषेक,
चेहरा बोटांनी पुसून गेलेला,
मुकुट तेवढा शाबूत.
आत सगळे तुकडे.
बोर्बनचं अर्धुक, शॉर्टब्रेडचा कोपरा,
माल्टेड मिल्कवरच्या गाईचे
फक्त मागचे पाय आणि शेपूट.

"नॉरिस बिस्किटांच्या कारखान्यात होता," ती म्हणाली.
"दर शुक्रवारी मोडका माल आणायचा कागदी पिशवीत.
आमच्याकडे अख्खं बिस्किट निघालं
म्हणजे पाद्री यायचा असायचा."
मग साखर ढवळत,
जणू साखरेबद्दलच बोलतेय,
"मार्चमध्ये गेला."

मी ज्योत पेटवली. भक् करून बॉयलर जागा झाला,
पाइप कुरकुरले.
हात धुवायला वळलो तर
सिंकशेजारी नवा कोरा पुडा, अर्धा उघडलेला.
त्याच्यावर लाटणं.
ओट्यावर चुरा,
पुसायचा राहिलेला.

तिने माझी नजर पाहिली.
"हल्ली तुकडे विकत मिळत नाहीत," म्हणाली,
"आणि अख्ख्याला ती चव नाही.
तुला हवं असेल तर देते हं अख्खं."

नको म्हटलं.
मी गाईचे मागचे पाय उचलले.
तेव्हा ती चष्मा लावून डब्यात वाकली,
बराच वेळ खालवर करत राहिली,
आणि एक डोकं काढून
माझ्या बशीत जोडून ठेवलं.
जुळलं नाही. दोन वेगळ्या गाई होत्या.
ते आम्हा दोघांनाही दिसलं.
मग डोकं तिने घेतलं.

चहा गरम होता, हळूहळू भिंतीही.
आम्ही बुडवलं.
मी तीनवर काढलं.
ती कुठवर मोजत होती कोण जाणे,
चार, पाच, मार्चपर्यंत असेल.
कपात टपकन आवाज झाला.
तिने ड्रॉवरमधून लांब दांड्याचा चमचा घेतला
आणि तळापासून सगळं, न सांडता,
खरवडून खाल्लं.

मी खिडकीबाहेर बघत होतो.
शेजारच्यांची मांजर कोळशाच्या जुन्या खोलीवर बसली होती.
बिल मी गाडीत बसून लिहिलं.